आधी तळी, मग होमकुंड

वैशाख शुद्ध पंचमीला गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, निखाऱ्यांतून जातात. डिचोली तालुक्यात वाढलेल्या माणसाला त्याचे नवल नाही. पण होमकुंडापाशी कोणी एकदम पोचत नाही. आधी व्रत, उपवास, माटवात (मांडवात) राहणे, आपले अन्न आपण रांधणे, तळीत आंघोळ, हातात बेत (वेताची काठी). नव्या धोंडाबरोबर जुनेजाणते असतात आणि आग भाजते हे त्याच्यापासून कोणी लपवत नाही.

मुलांना आयुष्याच्या आगीसाठी आपण असे तयार करत नाही. आपण परदेशी राहून देवधर्म सांभाळणारी माणसे त्यांच्याकडून अथर्वशीर्ष पाठ करून घेतो. मात्र शरीर, प्रेम, दारू, पैसा यांतले काही निघाले की विषय बदलतो. तिकडे गोव्यात, पेडणे तालुक्यात, आता तशी पळवाटही नाही. हरमल-मोरजीला तुळशीपुढे दिवा लागतो, त्याच वेळी माडांपलीकडच्या शॅकमध्ये गाणी सुरू होतात. ‘तिकडे फिरकायचे नाही’ असे बजावलेला मुलगा वयात आल्यावर बहुधा तिकडेच कामाला लागतो, आणि तिथले काहीच त्याला ठाऊक नसते.

शिवाय संकट परक्याच्याच रूपात येते, हेही खोटे. मडगावात मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल जन्मठेप. लोक त्याला परोपकारी समजत होते. मोठ्यांपुढे मान खाली घाल, एवढेच शिकलेले मूल अशा माणसाला ‘नको’ कसे म्हणणार? गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, बाल न्यायालयही उभे राहिले. पण तिथवर तक्रार जायची तर मुलाला आधी घरात तोंड उघडता यायला हवे.

‘असल्या बोलण्याने पोरांची श्रद्धा उडेल’ ही भीती मी अनेक आईवडिलांकडून ऐकली आहे. ती मनापासूनची आहे, म्हणून तिला उत्तर देतो. प्रश्न विचारल्याने जी श्रद्धा उडते, ती मुलाची नव्हतीच. आपण त्याच्या अंगावर घातलेला तो सोवळ्याचा कद होता. घर सोडले त्या दिवशी तो खुंटीवर जाणारच.

माझी आपल्या मंडळाला विनंती आहे: संस्कारवर्गात आरतीनंतर तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी अर्धा तास मोकळा ठेवा. त्यांनी विचारावे, मोठ्यांनी खरे सांगावे. पहिल्या रविवारी मी येऊन बसतो.