लिलावाचा फोटो आणि कापडाची उलटी बाजू

जाणकार गिऱ्हाईक दुकानात आला की पदराची नक्षी तो नंतर बघतो. आधी घडी उलगडतो, कापड उलटे करतो, काठावरून अंगठा फिरवतो आणि सणंग दारात नेऊन उजेडात धरतो. आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत. या चार गोष्टी न करता पैसे मोजणारा गिऱ्हाईक आम्ही क्वचितच पाहिला.

आता मात्र हाच गिऱ्हाईक पुण्यात किंवा हैदराबादेत बसून मोबाइलवर बोली लावतो. कापड त्याच्या हातात नाही. त्याच्यासमोर आहे तो फक्त आपण काढलेला फोटो. म्हणजे त्याचा अंगठा आणि त्याचा डोळा, दोन्ही आपल्या हवाली झाले आहेत. ही अमानत आपण कशी सांभाळतो, याचा आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

ऑनलाइन लिलाव आपल्याकडे नवा नाही. अमेरिकेत ईबेची सुरुवात १९९५ साली झाली. तेथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे हे मालकाने आधीच सांगितले होते, तरी त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले, कारण घेणारा बिघडलेले पॉइंटरच जमवत होता. भारतात २००० साली बाझी डॉट कॉम आले, ते २००४ मध्ये ईबेने घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचे ते भारतीय दुकान बंद झाले. पण लिलाव थांबले नाहीत. कर्जवसुलीत आलेले गाळे, यंत्रे आणि माल आज बँका ऑनलाइनच विकतात. सरकारी बँकांसाठी २०१९ च्या डिसेंबरात 'ई-बिक्रय' हे पोर्टल सुरू झाले. त्यावर मालमत्तेचे फोटो व व्हिडिओ देण्याची सोय होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या जागी 'बँकनेट' हे सुधारित पोर्टल आले. इकडे आमचे कितीतरी बांधव व्हॉट्सॲपवर फोटो टाकून बोली मागवतात. तोही लिलावच झाला.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक हिमरू शाल ऑनलाइन लिलावात ठेवली. फोटो रात्री दुकानात ट्यूबलाइटखाली काढला. शालीचा रंग गर्द हिरवा, फोटोत आला निळसर. शिवाय एका कोपऱ्यात विणीचा बारीक दोष होता, तो घडीत राहिला. राहिला की आम्ही राहू दिला, हे आम्हाला व अल्लाहला ठाऊक. बोली चांगली चढली. आठ दिवसांनी शाल परत आली. जाण्या-येण्याचे कुरिअर अंगावर पडले, आणि तो गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

पुढे हीच शिक्षा आम्हाला दुसऱ्या बाजूने मिळाली. एका बंद पडलेल्या युनिटच्या कापडाचा लॉट ई-लिलावात निघाला. फोटोत वरचे ताके स्वच्छ दिसत होते. माल पाहण्याची तारीख नोटिशीत दिलेली होती, पण लग्नसराईच्या गडबडीत आम्ही गेलो नाही. बयाणा भरला, बोली लागली, ताबा घेतला. खालच्या थरातील ताक्यांना पावसाचे पाणी लागून बुरशी आलेली. तक्रार कोणाकडे करणार? 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर आम्हीच संमती दिली होती. बांधवांनी ध्यानात ठेवावे, अशा विक्रीत फोटो म्हणजे हमी नव्हे. बोली लागल्यावर पैसे भरले नाहीत तर बयाणाही जप्त होतो. म्हणून फोटो बघा, पण तपासणीच्या दिवशी स्वतः जा. यंत्र घेत असाल तर त्यावरील पाटी, सन व नंबर फोटोशी ताडून पाहा.

या दोन प्रसंगांतून आम्ही एक हिशेब शिकलो. ज्याला माल नीट दिसत नाही, तो बोली लावण्याआधीच मनात धोक्याची रक्कम वजा करतो. हजाराच्या वस्तूला सातशे म्हणतो. दोष लपवून एखाद्याने एकदा हजार मिळवले, तर पुढच्या वेळी सगळ्यांचीच बोली सातशेवर थांबते, प्रामाणिक माणसाचीसुद्धा. उलट दोष उघड दाखवला, तर गिऱ्हाईक फक्त त्या दोषापुरते पैसे कापतो. न दिसणाऱ्या शंभर दोषांचे कापत नाही.

आमच्या भागाला तर ही गोष्ट अधिक लागू आहे. पैठणीला २०१० पासून भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे, तरी नकली मालाचा सुळसुळाट आहे. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. नकलीच्या उलट्या बाजूला धाग्यांचे तुकडे लोंबतात. हिमरूचे तसे नाही. त्यात नक्षीचा जादा धागा मागे मोकळा राहतो, हीच त्याची जात. म्हणजे दोन्ही कापडांची ओळख उलट्या बाजूवर लिहिलेली आहे. आणि शंभरातले नव्वद जण फोटो काढतात फक्त सुलट बाजूचा! हातमागाच्या कारागिराचा सर्वांत मोठा साक्षीदार तो स्वतःच घडीत दडवून ठेवतो.

म्हणून आमची पद्धत सांगतो. फोटो सकाळी, दाराजवळ, सावलीतल्या उजेडात काढावा. फ्लॅश लावू नये, जर पांढरी पडते. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे रंगाचा अंदाज येतो. एका नगाचे किमान पाच फोटो: पूर्ण कापड, काठ व पदर, उलटी बाजू, मोजपट्टी लावून अर्ज, आणि जेथे डाग, रफू किंवा तुटका धागा असेल ती जागा जवळून. दोष नसेल तर तसे लिहावे. दुसऱ्याच्या मालाचा फोटो उचलून आपल्या नावावर टाकू नये. ती चोरी तर आहेच, पण आपण जो माल पाठवणार त्याचा तो फोटोच नव्हे.

कायदाही हेच सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. आणि आपल्याला तर हे फार पूर्वी शिकवले गेले आहे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याची मुभा आहे, तिला खियार-ए-रूयत म्हणतात. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आम्ही उर्दू शाळेत लहानपणी ऐकली. भिजलेले धान्य वर ठेवायचे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, हा त्यातला धडा. मोबाइलच्या फोटोला याहून चांगला नियम कोणता?

आम्ही चितेगावचे. पैठण रस्त्यावरच्या या गावाने मोठ्या कारखान्यांची भरभराट पाहिली. व्हिडिओकॉनसारखी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेलेलीही पाहिली. कारखाना गेला की इमारत आणि यंत्रे लिलावात विकली जातात. छोट्या व्यापाऱ्याजवळ विकण्यासारखे एवढे काही नसते. त्याच्याजवळ नावच असते, आणि ते एकदा गेले की त्याला कोणी बोली लावत नाही.

पुढचा फोटो टाकण्याआधी कापड एकदा उलटे करा. बरकत अल्लाह देणार.