जुन्या पिकअपची निगा मालकाच्या हाती

नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, सांगोल्याचे डाळिंब शेतातून बाजारात जाते, तेव्हा वाटेतला एखादा टप्पा तरी पिकअपचा असतोच. यातल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. नवी गाडी ज्याला झेपत नाही, त्या शेतकऱ्याचा किंवा भाडी मारणाऱ्या तरुणाचा संसार अशा गाडीवर उभा असतो. ऐन हंगामात ती दोन दिवस उभी राहिली, तर नुकसान गॅरेजच्या बिलावर थांबत नाही. माल खराब होतो, ठरलेले भाडे दुसरा घेऊन जातो आणि कर्जाचा हप्ता थकतो. म्हणूनच जुन्या डिझेल पिकअपची नेहमीची निगा मालकाने स्वतः राखायला शिकले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माहिती देणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक केले पाहिजे. माहितीच मिळाली नाही, तर शिकण्याची इच्छा असूनही मालक काही करू शकत नाही.

जुने डिझेल इंजिन शिकायला अवघड नाही. त्यात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि ते पेट घेते. म्हणजे स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, चांगले ऑईल आणि पुरेसे कूलंट एवढे सांभाळले की बहुतेक दुखणी आधीच टळतात. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला, तर हवा कमी पडते, गाडी काळा धूर सोडते, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त जाते. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळच्या वेळी काढले नाही, तर पंप आणि नोझल गंजतात. बॉनेट उघडून पाणी सोडण्याचे काम काही मिनिटांचे, पण ते राहून गेले की पंपाचा खर्च मोठा येतो. टाकी रिकामी होऊन इंजिनाने एअर घेतली, तर साध्या पंपाच्या जुन्या गाडीत फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारून एअर काढता येते. निळा धूर दिसला की ऑईल जळते आहे, पांढरा धूर सतत येत राहिला की डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत जाते आहे, हे ओळखता आले तर हेड गॅस्केटचे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाण्याआधीच लक्षात येते. पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ठरलेल्या वेळी ग्रीस मारणे, टायरमधली हवा आणि ब्रेक ऑईलची पातळी पाहणे हेही मालकाला जमण्यासारखेच आहे.

अडचण पुढे आहे. कॉमन रेल इंजिने आली, मग 2017 मध्ये देशभर बीएस 4 आणि 2020 मध्ये बीएस 6 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले. हवेसाठी हे बदल आवश्यकच होते. पण त्यांच्याबरोबर सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढले, आणि दोष ओळखण्यासाठी स्कॅनर लागू लागला. आजच्या या गाड्या काही वर्षांनी जुन्या होऊन याच शेतकऱ्यांच्या दारात येणार आहेत. तेव्हा स्कॅनर, दोषांच्या कोडचे अर्थ आणि सुटे भाग अधिकृत केंद्रापुरतेच राहिले, तर तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही हतबल होईल. ही भीती काल्पनिक नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता स्पर्धा रोखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारी आणि शेती अवजारे दोन्ही होती. त्याच वर्षाअखेर पोर्टलही सुरू झाले. परंतु पोर्टलवर कंपनीने स्वेच्छेने माहिती टाकणे वेगळे आणि ती न दिल्यास तिला जाब विचारता येणे वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये मतदारांच्या कौलानंतर मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणला. युरोपातही दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ते अशक्य असण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरल्याने जीव जातो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर अंग भाजते. कॉमन रेलमधले डिझेल वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाखाली असते आणि त्याचा बारीक फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो. म्हणून ब्रेक आणि स्टिअरिंग खोलणे, पंपाचे कॅलिब्रेशन, इंजिनचे मोठे काम ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच. पण लोक अर्धवट ऐकीव माहितीवर आजही पाना हातात घेतात. कोणते काम स्वतः करावे आणि कुठे थांबावे हे सांगणारे अधिकृत पुस्तक त्यांच्या हाती असेल, तर धोका कमीच होईल. गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय येईल, ही शंकाही टिकत नाही. मालक जागरूक झाला, तर दोष लवकर कळतो, काम वेळेत मिस्त्रीकडे जाते आणि गाडी भंगारात जाण्याऐवजी आणखी काही वर्षे त्याच्याकडे येत राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने डिझेल इंजिन कितीही जपले, तरी ते बीएस 6 इंजिनाइतके स्वच्छ होत नाही. दाट वस्तीच्या शहरांतून अशा गाड्या हळूहळू बाहेर गेल्याच पाहिजेत. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, त्यामागे तिथल्या हवेची खरी निकड होती. परंतु दुष्काळी तालुक्यातल्या मालकाकडे नव्या गाडीचे पैसे नसतील, तर जुनी गाडी चालणारच आहे. ती धूर ओकत चालावी की नीट निगेत, एवढाच पर्याय उरतो. 2021 च्या वाहन भंगार धोरणानेही केवळ वयाऐवजी फिटनेस चाचणीला महत्त्व दिले आहे. ती चाचणी प्रामाणिकपणे पार करायची, तर रोजची निगा हाच मार्ग आहे. मात्र स्वतः ऑईल बदलणाऱ्यावर एक जबाबदारी येते. जुने ऑईल नाल्यात किंवा बांधावर ओतता कामा नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि जमीन व विहीर दोन्ही नासवते. त्याच्या संकलनाची सोय गावपातळीवर व्हायला हवी.

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. विक्री बंद झालेल्या मॉडेलसह प्रत्येक व्यावसायिक वाहनाचे देखभाल-पुस्तक मराठीत, सुट्या भागांच्या किमतींसह, मोफत खुले करायला कंपन्यांना भाग पाडावे. स्कॅनर आणि दोषांचे कोड वाजवी दरात स्वतंत्र गॅरेजांना मिळावेत. आणि ज्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, तिथे वाहनमालकांसाठी सुट्टीच्या दिवशी छोटे वर्ग सुरू करावेत. मालकांनीही कायद्याची वाट पाहत बसू नये. येत्या हंगामाआधी डिझेल फिल्टरमधले पाणी काढायला आणि एअर फिल्टर तपासायला आपल्या मिस्त्रीकडून शिकून घ्यावे.