‘युजर एरर’ नावाची पळवाट

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक शब्द फार आवडीने वापरतात: ‘युजर एरर’. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर, वापरणारा चुकला. तिकीट क्लोज करा, घरी जा. माझ्या मते आमच्या धंद्यातला हा सगळ्यात आळशी शब्द आहे. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ ‘आम्ही नीट शिकवलंच नाही’ एवढाच असतो.

कंपनीत ईआरपी बसवताना ट्रेनिंग कसं होतं ते बघा. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये ट्रेनिंगची ओळ सगळ्यात खाली. वरचं काही लांबलं (आणि ते लांबतंच!) की पहिली कात्री तिलाच. दोन आठवड्यांचे दोन दिवस होतात. मग चाळीस माणसं एका हॉलमध्ये, पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स, आणि डेमोत ‘एबीसी ट्रेडर्स’ला शंभर नग ‘आयटम वन’ विकलेले. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातल्या माणसाने यातून काय घ्यायचं? त्याचा टॉवेल कधी किलोवर जातो, कधी डझनावर, कधी नगावर. वजन आणि नग यांचा मेळ कुठे घालायचा, हा त्याचा पहिला प्रश्न. त्यातून आपल्याकडे मागावरचे कितीतरी लोक आपसात तेलुगू बोलतात. स्लाइड इंग्रजी, ट्रेनर मराठी आणि प्रश्न पडला तेलुगूत... तो हॉलमध्ये विचारलाच जात नाही. हजेरीच्या कागदावर सही झाली की ट्रेनिंग ‘कम्प्लीट’!

कारखान्यात निदान नुकसान सोसायला मालक असतो. पण आता ईआरपी गावच्या विकास सोसायटीत आलंय. २९ जून २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था एकाच सॉफ्टवेअरवर आणायची योजना मंजूर केली. मूळ खर्च २,५१६ कोटी रुपये, म्हणजे एका सोसायटीमागे साधारण चार लाख. सॉफ्टवेअरची जबाबदारी नाबार्डकडे. स्थानिक भाषा आणि ट्रेनिंग, दोन्हीची तरतूद योजनेतच आहे. कल्पना उत्तम आहे, माझा विरोध नाही. पण तरतूद कागदावर असणं आणि माणसाला काम येणं यात केवढं अंतर असतं, ते या धंद्यात राहून रोज दिसतं.

महाराष्ट्रात या स्क्रीनसमोर बसणारा माणूस म्हणजे गटसचिव. त्याच्याकडे बऱ्याचदा एकाहून जास्त सोसायट्या. मार्चअखेर वसुली आणि ‘नवं-जुनं’, मग खरिपाचं पीक कर्ज, मग ऑडिट. त्याला मोकळा महिना कुठला? आणि त्याच्यासमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न कॉम्प्युटरचा नाहीच. सुरुवातीच्या बाकी भरताना जुनी वही उघडावी लागते. सोसायटीचं सभासदांकडून येणं आणि तिचं जिल्हा बँकेला देणं यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसत नाही. बँकेचं देणं जास्त निघतं. सहकारात त्याला ‘अनिष्ट तफावत’ असं नावही आहे. वर्षानुवर्षं वहीत दडलेली ही तफावत आता स्क्रीनवर लाल अक्षरात दिसणार, आणि एंट्री कुणाच्या लॉगिनने? गटसचिवाच्या! त्याने तेव्हा काय करायचं, कुणाला लेखी कळवायचं, हे ज्या ट्रेनिंगमध्ये नाही ते ट्रेनिंग कसलं? माऊस कसा धरायचा ते त्याची नात शिकवेल हो.

हे मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाकडे बघा. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची सिस्टीम आली. छोट्या पोस्ट ऑफिसांच्या हिशेबात न झालेल्या तुटी दिसू लागल्या. हेल्पलाइनवर फोन केला तर कित्येकांना उत्तर मिळे, ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय.’ ट्रेनिंग अपुरं होतं, ही त्या लोकांची एक मोठी तक्रार होती. त्यांना सिस्टीमच्या आत बघताही येत नव्हतं, म्हणून चूक आपली नाही हे सिद्धही करता येईना. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. सॉफ्टवेअरमध्ये खरंच बग होते हे हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये कायदा करावा लागला. ‘युजर एरर’ची ही किंमत!

आमचे काही मित्र म्हणतात, “अरे, ही जुनी माणसं शिकतच नाहीत.” साफ खोटं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा चाटी गल्लीतल्या दुकानदारांनी एचएसएन कोड शिकून घेतलेच ना? आज हीच माणसं यूपीआयवर पैसे घेतात. गरज आणि वेळ दिली की माणूस शिकतो. आपण गरज लादतो आणि वेळ देत नाही.

मग करायचं काय? पहिलं, ट्रेनिंग त्याच संस्थेच्या खऱ्या आकड्यांवर द्या, आणि चुका करायला वेगळा डेटाबेस द्या. दुसरं, एंट्री कशी करायची याच्या आधी चुकलेली एंट्री कशी दुरुस्त करायची ते शिकवा. वहीत चूक झाली तर रेघ मारून सही करायची हे त्याला माहीत असतं. इथे उलटी एंट्री करायची हे कुणी सांगतच नाही, आणि सगळी भीती तिथेच असते. तिसरं, शिकण्याचे दिवस कामाचे धरा, रोजच्या कामाला बदली माणूस द्या. रविवारी बोलावून उपकार करू नका. चौथं, ट्रेनर पहिल्या महिनाअखेरीला आणि पहिल्या ३१ मार्चला शेजारी बसलेला हवा. आणि शेवटचं, ट्रेनिंगमध्ये आलेला प्रत्येक प्रश्न लिहून डेव्हलपरकडे गेला पाहिजे. तीस वर्षं वही लिहिलेल्या माणसाने विचारलेली शंका म्हणजे फुकटात मिळालेलं टेस्टिंग असतं, राव!

यातलं काही केलं नसेल आणि तरी कुणी ‘युजर एरर’ म्हणून तिकीट बंद करत असेल, तर त्याला आमचा साधा सोलापुरी प्रश्न: का बे, शिकवलं होतंस का?