जुन्या अमेरिकी समूहगीतांना ‘गोड’ करू नका

विल्यम बिलिंग्ज हा बॉस्टनचा. व्यवसाय कातडी कमावण्याचा, नाद समूहगीतं रचण्याचा. १७७० मध्ये त्याचा ‘द न्यू-इंग्लंड साम-सिंगर’ हा संग्रह निघाला. त्यातल्या ‘चेस्टर’ची चाल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लोकांच्या तोंडी होती. अशी गाणी छोट्या ऑर्केस्ट्रासाठी बसवताना ती ‘सुधारण्याचा’ मोह होतो. तो टाळायला हवा, असं माझं मत आहे.

मुळात अडचण काय?

या गाण्यांत चार आवाज असतात, पण मुख्य चाल सर्वांत वरच्या आवाजात नसते. ती असते मधल्या टेनरमध्ये. शिवाय टेनर आणि ट्रेबल या दोन्ही ओळी स्त्री-पुरुष मिळून, एका सप्तकाच्या अंतरानं गात. म्हणजे कागदावर चार ओळी, कानावर सहा! ऑर्केस्ट्राची सवय मात्र चाल पहिल्या व्हायोलिनला देऊन बाकीच्यांना साथीला बसवण्याची. तसं केलं की गाणं ओळखू येतं, पण त्याचा पोत जातो. चाल व्हिओलाला द्या, दुसऱ्या व्हायोलिनला तीच वरच्या सप्तकात. बसला चेलो आणि बसून. थोडं खडबडीत वाजेल, वाजू द्या.

दुसरा मोह गंधाराचा. या रचनांत अनेक ठिकाणी फक्त षड्ज-पंचम असतात, मधला गंधार नसतो. युरोपीय नियमांच्या कानाला ते रिकामं वाटतं. आपल्याला वाटू नये, आपण तानपुऱ्यावर वाढलोय.

ही ‘दुरुस्ती’ एकदा होऊन गेली आहे. लोवेल मेसननं १८२२ मध्ये बॉस्टनमध्ये काढलेल्या संग्रहानं युरोपीय वळणाची स्तोत्रं रुजवली आणि बिलिंग्जच्या पिढीची गाणी शहरी चर्चमधून मागे पडत गेली. ती जगली दक्षिणेकडच्या राज्यांत, १८४४ च्या ‘द सेक्रेड हार्प’सारख्या पुस्तकांमुळे. तिथे गाणारे चौकोनात समोरासमोर बसतात. श्रोत्यांसाठी कुणी गात नाही, सगळेच गातात.

मग ऑर्केस्ट्रा हवाच कशाला?

‘फ्यूगिंग ट्यून’साठी. यात एकेक आवाज मागून येऊन तीच ओळ पकडतो. गाताना शब्द एकमेकांवर चढतात आणि काहीच कळत नाही (तीही एक मजाच). वाद्यांत मात्र चेलो, ओबो, हॉर्न यांचा प्रत्येक प्रवेश वेगळ्या रंगात ऐकू येतो. हेन्री कॉवेलनं हा घाट घेऊन स्वतःच्या रचनांची अख्खी मालिका लिहिली.

विल्यम शूमनचं १९५६ चं ‘न्यू इंग्लंड ट्रिप्टिक’ही जरूर ऐका, पण ते मोठ्या ऑर्केस्ट्राचं, आणि बिलिंग्जपेक्षा शूमनचंच जास्त. त्याची स्वरलिपी वापरायची तर हक्क तपासावे लागतील. बिलिंग्ज १८०० मध्येच गेला, त्याच्या मूळ रचना कुणीही घेऊ शकतो.