अबाबील मोजणार कोण?

डिसेंबरात उर्दूच्या तासाला ‘अबाबील’ हा शब्द आला. सूरह फील पाठ असलेल्या मुलांना तो नवा नव्हता. हत्ती, अब्रहाचं सैन्य, चोचीतले खडे, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. अरबीत त्या शब्दाचा अर्थ थव्याथव्यांनी येणारे, एवढाच घेतला जातो. उर्दूने मात्र तो एका पक्ष्याचं नाव करून टाकला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ये अपने पनवेल में होती है क्या?” मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. विजेच्या तारेवर ओळीने बसल्या होत्या. मराठीत माळभिंगरी. काळसर निळी पाठ, घसा तांबडा, शेपटी कात्रीसारखी. हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्यात परततात.

मुलांना त्या दिवशी जे सांगितलं नाही, ते इथे लिहितो. चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाचा पक्ष्यांवर काय परिणाम झाला हे शोधताना सर्वात जास्त तपासली गेली ती हीच जात. 26 एप्रिल 1986 ला अणुभट्टी फुटली. पुढे अँडर्स मोलर आणि टिमोथी मूसो हे संशोधक वर्षानुवर्षं तिथे गेले. त्यांना भिंगऱ्यांच्या तांबड्या पिसांत पांढरे डाग दिसले. किरणोत्सर्ग जास्त असलेल्या भागात पक्षी कमी आढळले. 2011 साली त्यांनी 48 जातींच्या 550 पक्ष्यांचे मेंदू सरासरी 5 टक्के लहान असल्याचं मांडलं. त्यांच्या मते लांबचा प्रवास करून येणाऱ्या जातींना फटका जास्त बसतो, कारण किरणोत्सर्गाशी लढणारी शरीरातली द्रव्यं उडण्यातच खर्ची पडलेली असतात. त्याच वर्षी मार्चमध्ये फुकुशिमा घडलं. जुलैत तिथे 300 ठिकाणी पक्षी मोजले, तेव्हाही चित्र तसंच निघालं.

पण हे सगळ्यांना मान्य नाही, आणि वाद समजून घेण्यासारखा आहे. माळभिंगरी घरटं बांधते ती गोठ्यात, वळचणीला. खाते माश्या-चिलटं. गाव रिकामं झालं की गुरं गेली, गुरं गेली की माश्या गेल्या. मग भिंगरी किरणोत्सर्गाने घटली की माणूस उठून गेला म्हणून? उलट त्याच परिसरात माणूस नसल्याने एल्क, रानडुक्कर, लांडगे भरपूर असल्याचं 2015 च्या एका अभ्यासात दिसलं. हा गुंता सुटत नाही, कारण अपघाताच्या आधी तिथे किती पक्षी होते याची नीट मोजणी हाताशी नाही. आधीचा आकडा नसला की नंतरच्या आकड्यावर नुसती भांडणं होतात.

हे वाचताना मला जैतापूर आठवतं. माडबनचा कातळसडा, राजापूरची खाडी, साखरीनाट्याची आपली मच्छीमार वस्ती. 18 एप्रिल 2011 ला आंदोलनावर गोळीबार झाला आणि नाट्याचा एक तरुण गेला. 9900 मेगावॅटचा प्रकल्प आजही कागदावर आहे, एकही भट्टी उभी नाही. म्हणजे तिथे ‘आधी’ अजून शिल्लक आहे. तारापूरला 1969 पासून वीज तयार होते. तिथला ‘आधी’ कधीच गेला.

मी अणुवीज नकोच म्हणणाऱ्यांतला नाही. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राला लागून असलेल्या ठाणे खाडीत हजारो रोहित चरतात. तिथे किरणोत्सर्गाने काही बिघडलंय असा माझा दावाही नाही. बीएनएचएस त्या रोहितांची मोजणी करते. उद्या काही झालंच तर बोट ठेवायला आकडा असेल. जैतापूरला प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक, दोघांनीही हाच आग्रह धरायला हवा: दर मोसमात मोजणी, सरकारपासून स्वतंत्र लोकांकडून, आणि मराठीत जाहीर. एकदा परवानगीपुरता अहवाल केला म्हणजे मोजणी झाली, असं नाही.

याला फार मोठी विद्या लागत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, 1930 साली सलीम अली नावाचा एक बेकार माणूस रोज सुगरणींची घरटी बघत बसायचा. विद्यापीठाची पदवी नव्हती, हातात वही होती. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी पारखून घेते, हे त्यांनी त्या वहीतूनच जगापुढे ठेवलं. आपल्या घरांत त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. वही मात्र कोणी उघडत नाही. (मीही चाळिशी ओलांडेपर्यंत उघडली नव्हती.)

आमच्या वर्गाने एक शंभर पानी वही केली आहे. तारीख, वेळ, हवा, तारेवरच्या अबाबीलींची संख्या. गेल्या शुक्रवारी 39 होत्या. एका मुलीच्या मते 41, तेही खाली लिहून ठेवलंय. नाट्याच्या किंवा राजापूरच्या एखाद्या शिक्षकाने हे वाचलं, तर तिथल्या खाडीकाठच्या तारांवर किती बसतात ते कळवा. रकाने कसे आखलेत ते मी पाठवून देईन.