सुईआधीचे मलम

होटगी हे सोलापूरच्या आग्नेयेस असलेले रेल्वेचे जुने जंक्शन. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या मार्गापासून विजापूर-गदगचा फाटा येथेच वेगळा होतो. तान्ह्या बाळाला सोलापूरच्या बालरोगतज्ज्ञांकडे लस टोचण्यासाठी नेताना त्वचा बधिर करणारे मलम घरूनच लावून निघाले, तर प्रवासाचा वेळ सत्कारणी लागतो. कारण त्या मलमाचा गुण यायला सुमारे एक तास लागतो. सोय खरी आहे. मात्र दवाखान्यात गर्दी असली आणि नंबर येईपर्यंत दोन-अडीच तास गेले, तर तितका वेळ ते औषध बाळाच्या कातडीत मुरत राहते, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुळात हे साधे मलम नव्हेच. त्यात सामान्यतः लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन औषधे प्रत्येकी २.५ टक्के असतात. पैकी लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमधील नील्स लॉफग्रेन यांनी तयार केले. दाढ काढताना दंतवैद्य जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा तेच असते. ही दोन्ही द्रव्ये सुटी असताना घन असतात. पण समप्रमाणात मिसळली की नेहमीच्या तापमानालाच वितळून तेलासारखी होतात. त्यामुळेच ती अखंड त्वचेतून आत शिरू शकतात, आणि त्वचेतून आत शिरणारी वस्तू थोडीफार रक्तातही उतरते.

म्हणून येथे तीन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो: किती लावले, किती जागेवर लावले आणि किती वेळ ठेवले. तीन महिन्यांखालील बाळासाठी कमाल मर्यादा १ ग्रॅम, १० चौरस सेंटिमीटर आणि १ तास अशी आहे, तीही २४ तासांतून एकदाच. पाच ग्रॅमच्या ट्यूबचा पाचवा हिस्सा, जेमतेम तीन सेंटिमीटर लांब-रुंद जागेवर, इतकाच त्याचा अर्थ. राष्ट्रीय लसीकरणातील सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींपैकी पहिल्या दोन याच वयात येतात. दोन्ही मांड्यांवर टोचायचे असेल, तर ही मर्यादा दोन्ही जागा मिळून धरायची असते, प्रत्येक मांडीसाठी वेगळी नव्हे. बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असल्यास हे मलम वापरूच नये. तीन महिने ते एक वर्ष या वयात, वजन पाच किलोंहून अधिक असल्यास, २ ग्रॅमपर्यंत चालते.

तान्ह्या मुलांविषयी इतकी सावधगिरी का, याचे उत्तर प्रिलोकेनमध्ये आहे. त्याच्या परिणामाने रक्तातील हिमोग्लोबिनचा काही अंश प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होतो. लहान बाळाच्या शरीरात हा बिघाड दुरुस्त करण्याची शक्ती अपुरी असते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना हा धोका अधिक असतो. सल्फा, डॅप्सोन किंवा आकडीवरची फिनोबार्बिटोनसारखी औषधे चालू असली तरी तो वाढतो. ओठ व नखे निळसर-करडी पडणे, धाप लागणे, बाळ मलूल होणे ही लक्षणे मलम पुसल्यानंतरही काही वेळाने दिसू शकतात. अशा वेळी घरातल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नये; तडक मोठे रुग्णालय गाठावे आणि मलमाची ट्यूब सोबत न्यावी.

मोठी माणसेही यातून सुटत नाहीत. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा मलमांविषयी इशारा दिला, त्यामागे २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींचे मृत्यू होते. लेझरने केस काढण्यापूर्वी त्यांनी पायांवर तीव्र प्रमाणाचे बधिर करणारे मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळले होते. लग्नसराईत पार्लरकडे वळणाऱ्या लेकीसुनांच्या कानावर ही हकिकत घातलेली बरी.

मलम चोळायचे नसते. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या जागीच जाडसर थर देऊन त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि लावल्याची वेळ त्या पट्टीवरच पेनाने लिहावी. तास भरला की नंबर आला नसला तरी पुसून टाकावे. बधिरपणा त्यानंतरही काही काळ टिकतो. खरचटलेल्या वा इसब असलेल्या त्वचेवर ते लावू नये. डोळ्यांपासून आणि बाळाच्या तोंडापासून दूर ठेवावे. त्वचा पांढुरकी पडली तर घाबरण्याचे कारण नाही. राहिलेली बीसीजीसारखी लस त्वचेतच टोचायची असेल, तर मलम लावल्याचे परिचारिकेला आधी सांगावे.

स्नायूत खोल जाणाऱ्या सुईची वेदना या मलमाने पूर्ण जात नाही, हेही जाणून असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदनेविषयी केलेल्या शिफारशींत खर्च व वेळ पाहता राष्ट्रीय कार्यक्रमांत अशा मलमांचा आग्रह धरला नाही. बाळाला कुशीत घेऊन टोचतेवेळी अंगावर पाजणे मात्र सुचविले. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांची गोष्ट वेगळी. दर काही आठवड्यांनी शिरेत सुई सोसणाऱ्या त्या लेकरांसाठी डॉक्टरांना या मलमाबद्दल आवर्जून विचारावे.