लेकीच्या हाती कॅमेरा

नेरूळच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी आठवीत. शाळेत दर शनिवारी मुलांना व्हिडिओ करायला शिकवतात. ‘घरातल्या एका माणसावर एक मिनिटाची फिल्म करून आणा’ असा गृहपाठ होता. मुलीनं आजींनाच टिपलं. आजी भाजी निवडत बसलेल्या, कवळी काढलेली, स्वतःशीच काही पुटपुटत. फिल्म वर्गाच्या ग्रुपवर गेली, मुलं हसली, आणि सोसायटीतून ती गोष्ट फिरत फिरत आजींच्या कानी आली. आठवडा झाला, आजी नातीशी बोलत नाहीत. ताई विचारतात, ‘फोन काढून घेतलाच आहे. वर्गातून नावही काढू का?’

नाही ताई, नाव काढू नका. फोन काढून घेतलात तर मुलगी एवढंच शिकेल, की पकडले गेलो हे चुकलं. खरं चुकलं ते वेगळंच. तिनं आजींना विचारलं नाही.

घरच्या माणसांना घेऊन चित्रं करणं आपल्याकडे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आणि सरस्वतीबाई? दागिने तर त्यांनी दिलेच, शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हेही त्या शिकल्या, आणि कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. घरातलं प्रत्येक माणूस त्या कामात होतं. चोरून टिपलेलं कुणी नव्हतं.

तेव्हा पहिलं काम असं करा. शिक्षकांना सांगून ती फिल्म ग्रुपवरून काढून टाका. कुणी उतरवून घेतली असेल तर ती परत येत नाही, हेही मुलीला कळू द्या. मग तिला आजींसमोर बसवा आणि माफी तिची तिलाच मागू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

आजींचा राग निवळला की तीच फिल्म पुन्हा करायला सांगा, पण या वेळी नीट. आधी कागदावर सहा चौकोन आखायचे आणि काय काय दिसणार ते त्यांत काढायचं : आजी लांबून, मग जरा जवळून, मग नुसते हात, पाटीतली मेथी. एकेक चित्र दहा सेकंदांचं, झालं एक मिनिट. हा कागद आजींना दाखवायचा. कुठलं लुगडं नेसायचं, कवळी घालायची की नाही, काय बोलायचं, हे आजी ठरवतील.

फोन आडवा धरावा, कोपरं अंगाला टेकवावीत म्हणजे हात हलत नाही. काच मऊ सुती कापडानं पुसून घ्यावी, आपल्या फोनवर हळद-तेलाची बोटं असतातच! खिडकी आजींच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येतो. उजेड तोंडावर हवा. पंखा आणि मिक्सर बंद, कुकर उतरवलेला. चित्र थोडं हललं तरी चालतं, पण आवाज ऐकू आला नाही तर सगळी मेहनत फुकट. फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, म्हणजे ऐन वेळी मावशींचा फोन येणार नाही. जोडकाम झालं की सर्वांत आधी आजींनी बघायचं. त्या ‘हे काढ’ म्हणाल्या तर काढायचं. त्या ‘हो’ म्हणेपर्यंत फिल्म घराबाहेर जाता कामा नये.

अभ्यासाचं काय, अशी काळजी तुम्हाला वाटतेच. थोडक्यात लिहिणं, क्रम लावणं, नको ते गाळणं, हे निबंधालाही लागतं. सीबीएसईला अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ हा विषयही आहे. एक मात्र लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, आणि शिकण्यासाठी ते खातं मुळीच लागत नाही.

हिवाळ्यात नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात, ते उन्हाळ्यापर्यंत असतात. पुढची फिल्म त्यांची करू द्या. पक्ष्यांना विचारता येत नाही, म्हणून बांधावर लांबच उभं राहून थांबावं लागतं. तीही शिकवणीच.

पण आधी आजी. त्या काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा.